गणिताच्या पेपरातले हमखास प्रश्न

बारावीची परीक्षा जवळ आली की विज्ञान शाखेच्या मुलांमध्ये एकच चर्चा रंगते: यंदा गणितात कोणती सिद्धता येणार आणि कोणतं प्रकरण ऑप्शनला टाकलं तर चालेल? हे अंदाज पुष्कळदा खरे ठरतात. प्रश्नपत्रिकेची घडणच तशी आहे.

महाराष्ट्र राज्य मंडळाचा गणिताचा लेखी पेपर ८० गुणांचा. सध्याच्या आराखड्यात पहिले २० गुण सक्तीचे. पुढे दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि चार गुणांच्या ८ पैकी ५ सोडवायचे. बेरीज केली तर कागदावर ११२ गुणांचे प्रश्न छापलेले असतात. तेव्हा ३२ गुणांच्या प्रश्नांना हात न लावताही पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. त्यात प्रत्येक प्रकरणाचा वाटा आधीच ठरलेला. मग स्विचिंग सर्किट, मेट्रिक्सचा इन्व्हर्स, लिनिअर प्रोग्रामिंगचा आलेख ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटणारच.

यात गैर काय? आराखडा माहीत असणं हा तर मुलांचा हक्कच आहे. तालुक्याच्या गावी, महागड्या क्लासविना शिकणाऱ्या मुलीला पेपर कसा असेल हे शहरातल्या मुलाइतकंच ठाऊक असायला हवं. अडचण येते ती प्रश्नाचा साचाच पाठ होतो तेव्हा.

इंटिग्रेशनचं एक उदाहरण पाहू. शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत, अंशात साइन एक्स आणि छेदात साइन एक्स अधिक कॉस एक्स. इथे एक्सच्या जागी पाय भागिले दोन वजा एक्स घातला की अंशातला साइन कॉस होतो, छेद तसाच राहतो. दोन्ही रूपं मिळवली की उरतो फक्त एक. म्हणून उत्तराची दुप्पट पाय भागिले दोन, आणि उत्तर पाय भागिले चार. साइन-कॉसची वर्गमुळं घ्या, घन घ्या, उत्तर तेच. म्हणून मुलं उत्तरच पाठ करतात.

आता अंशात दोन साइन एक्स अधिक तीन कॉस एक्स ठेवा. युक्ती कळलेल्याला बेरीज पाच येते हे लगेच दिसतं. उत्तर पाच पाय भागिले चार. साचा घोकलेला मुलगा मात्र इथेच थबकतो, आणि त्यात त्याच्यापेक्षा वर्षभराच्या शिकवण्याचा दोष अधिक.

असं इंग्लंडमध्येही घडलं. २०१५च्या जूनमध्ये सोळा वर्षांच्या मुलांच्या जीसीएसई परीक्षेत हॅनाच्या गोळ्यांचा प्रश्न आला. पिशवीत एन गोळ्या, त्यांतल्या सहा नारिंगी. हॅनाने एकामागून एक दोन गोळ्या खाल्ल्या आणि दोन्ही नारिंगी असण्याची संभाव्यता एक-तृतीयांश. यावरून एनचा वर्ग वजा एन वजा ९० बरोबर शून्य हे दाखवायचं होतं. मुलांनी समाजमाध्यमांवर एकच गहजब केला. पण गणित साधं होतं: सहा भागिले एन, गुणिले पाच भागिले एन वजा एक, बरोबर एक-तृतीयांश. संभाव्यता आणि बीजगणित दोन्ही अभ्यासक्रमात होतं. ते एकत्र येतील याची सवय नव्हती.

ही सवय लावणं मंडळाच्या हातात आहे. आराखडा जाहीरच राहू द्यावा, पण चार गुणांच्या आठ प्रश्नांपैकी दोन तरी असे असावेत की ज्यांत ओळखीच्या दोन प्रकरणांची गाठ पडेल, आणि तशा प्रश्नांचे नमुने जूनमध्येच कॉलेजांकडे पोचावेत.