खाऱ्या हवेतील संगणक



रे रोड स्थानक मुंबई बंदराच्या लगत आहे. कुर्ल्याहून निघालेला हार्बर मार्ग 1910 साली येथवरच येत असे, आणि पूर्वेला जहाजे तोडण्यासाठी प्रसिद्ध असलेला दारूखाना आहे.

येथील वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात.
मीठ ओलावा शोषून घेते.
त्यामुळे संगणकात साचलेली धूळ ओलसर राहते, आणि धातूच्या जोडांवर मळाचा पातळ थर चढतो.

पावसाळ्यात संगणक सुरू केल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा पुष्कळदा दोष रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या पट्टीच्या, जोडात असतो.
अशा वेळी नवा संगणक घेण्याची घाई खरोखर अनाठायी ठरते.

प्रथम प्लग काढावा.
पुन्हा सांगणे अगत्याचे आहे: प्रथम प्लग काढावा.

मग संगणकाची पेटी उघडून तिच्या धातूला हात लावावा, कारण अंगावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते.
पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, भुगा झटकावा, आणि खटका बसेपर्यंत ती परत दाबावी.

वीज पुरवणारी आतली पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात घातक वीज साठलेली असते.

पट्टी बसवून संगणक सुरू केल्यावरही पडदा उजळला नाही, तर मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरील संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, सुरू होताना संगणकाचा बीप किती वेळा वाजला ते सांगावे. त्या आवाजांच्या क्रमावरून दोषाची जागा कळते.