थकलेल्या पावलांची सहल
(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



म्हैसुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पाहुण्यांची वाण कधी पडत नाही. दसरा जवळ आला की पुण्याहून, सांगलीहून, मुंबईहून विचारणा सुरू होते. त्या पाहुण्यांत एखादी आत्या, एखादे काका असे असतातच की, ज्यांना उत्साह आहे पण चालवत नाही. अशा माणसासाठी सहलीचे शहर कसे निवडावे आणि तेथे त्याला काय दाखवावे, याविषयी आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजले आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु आमच्या घरी तो किरकोळ राहिला नाही, म्हणूनच बोलण्याचा अधिकार घेत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब एका देवस्थानाला गेलो होतो. मातोश्रींच्या मांडीचे हाड मोडून सांधले होते. काठी घेऊन त्या बेताने चालत. पायऱ्या पाहून आम्ही त्यांना गाडीत बसविले, झाडाची सावली पाहून दिली, पाण्याची बाटली हाती ठेवली आणि वर गेलो. दोन तासांनी प्रसाद घेऊन परतलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पोटभर पाहिलंत ना? मग झालं." त्यानंतर कोणत्याही सहलीचे नाव काढले की, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे उत्तर ठरून गेले. आम्ही त्यांची काळजी घेतली असे आम्हांस वाटत होते. वस्तुतः आम्ही त्यांना सामानाबरोबर ठेवून गेलो होतो.

पुढे त्यांना आमच्याकडे म्हैसूरला आणावयाचे ठरले, तेव्हा आम्ही क्रम उलटा केला. पाहण्याजोगी स्थळे आधी आणि माणूस मागून, असे न करता माणसापासून आरंभ केला. मातोश्रींच्या गुडघ्यांत दिवसाला किती पायऱ्या आहेत? त्यांनीच हिशेब सांगितला: कठडा असेल तर वीस-पंचवीस, नसेल तर पाच. ही त्यांची रोजची पुंजी. ती कोठे खर्चावयाची हे ठरविण्याचा हक्क त्यांचा. चौकशी करण्याचे काम आमचे.

त्या दृष्टीने पाहता आपले शहर बरेच उदार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीमुळे हवा सौम्य, रस्ते रुंद, पाहण्याची ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत. चामुंडीच्या टेकडीला सुमारे १००० पायऱ्या आहेत खऱ्या, पण गाडीचा रस्ता माथ्यापर्यंत जातो, आणि वाटेवरील एकाच खडकातून कोरलेल्या प्रचंड नंदीकडेही गाडीने जाता येते. १८९२ साली स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. स्थानकाजवळचे, १९७९ सालचे रेल्वे संग्रहालय आटोपशीर आहे. जुनी इंजिने उघड्यावर उभी असल्याने ती बसूनही न्याहाळता येतात. श्रीरंगपट्टणचा १७८४ सालचा दर्यादौलत बाग सपाट जमिनीवर आहे. भिंतींवरील पोल्लिलूरच्या लढाईची चित्रे पाहण्यासाठी गड चढावा लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. राजवाड्यात पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि दरबार हॉलकडे जाताना जिना लागतो. कृष्णराजसागराखालच्या वृंदावन उद्यानात उतरते टप्पे आहेत आणि कारंज्यांपर्यंत चालणे बरेच आहे. विजयादशमीच्या मिरवणुकीची गर्दी तर धडधाकट माणसालाही पेलत नाही; थकलेल्या पाहुण्यांना नवरात्राच्या आरंभीच्या दिवसांत बोलवावे, म्हणजे रोषणाई पदरात पडते आणि गर्दी टळते.

चौकशीविषयी एक अनुभवाचा बोल. "तुमच्याकडे सोय आहे का?" असे कोणालाही विचारू नये, उत्तर नेहमी 'आहे' असेच येते. गाडी दारापासून किती पावलांवर थांबते, पायऱ्या नेमक्या किती, कठडा कोणत्या हाताला, न्हाणीघराला उंबरठा आहे काय, कमोड आहे काय, असे विचारावे. चाकांची खुर्ची असेल तर दाराची रुंदी मोजून घ्यावी. उतार असला तरी तो एक फूट उंचीला निदान बारा फूट लांब हवा. पायरीवर टेकविलेली फळी म्हणजे उतार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन घातले आहे; परंतु विचारणारेच नसतील, तर कायदा पुस्तकात राहतो.

आता मातोश्रींनी आपली पुंजी कोठे खर्चिली ते सांगतो. राजवाडा आतून पाहण्याचे त्यांनी नाकारले. "तो बाहेरूनही मोठाच दिसतो," म्हणाल्या. रविवारी सायंकाळी आम्ही त्यांना पटांगणात खुर्चीवर बसविले. सुमारे लाखभर दिवे एकदम उजळले, तेव्हा त्यांनी काठी मांडीवर ठेवून हात जोडले. त्यांची खरी इच्छा वेगळीच होती. जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहात सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे, हाताने दिवा झाकून उभ्या असलेल्या युवतीचे जलरंगातील चित्र आहे. त्याची छापील प्रत मातोश्रींच्या माहेरच्या ओटीवर होती. आम्ही आदल्या दिवशी जाऊन जिने पाहून आलो, पायऱ्या मोजल्या आणि आकडा त्यांच्यापुढे ठेवला. "पुरतील," त्या म्हणाल्या. त्या दिवशी दुसरे काहीही ठेवले नाही. कठडा धरून, प्रत्येक टप्प्यावर थांबून त्या चढल्या आणि चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्हांस घाई नव्हती. परतताना त्यांनी आपण होऊन विचारले, "पुढच्या वर्षी कुठे?" त्या प्रश्नासाठी आम्ही बरीच वर्षे थांबलो होतो.

बंधुभगिनींनो, एका दिवसात दहा स्थळे उरकणे म्हणजे शहर पाहणे नव्हे. काही वगळावयाचे तर एखादे स्थळ वगळावे, माणूस वगळू नये.

आता शेवटची गोष्ट, आणि ती घरची आहे. मंडळाला पन्नास वर्षे झाली. ज्यांनी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली, त्यांपैकी काही जण याच शहरात आहेत आणि आज येथे नाहीत. त्यांना निमंत्रण गेले होते. पण या सभागृहाचा जिना चौतीस पायऱ्यांचा आहे. आम्ही येताना मोजल्या. मंडळाने चाकांची एक खुर्ची घ्यावी, शहरातील स्थळांच्या पायऱ्यांची नोंदवही ठेवावी, आणि पुढील कार्यक्रम तळमजल्यावर करावा, एवढी विनंती आम्ही करतो. नोंदवहीत पहिली नोंद आपल्याच जिन्याची असावी.