भातशेतीचा हिशेब : एक वही आणि एक गुंठा



मुळशी तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक भात. पश्चिमेला ताम्हिणीकडचा धो-धो पाऊस आणि पूर्वेला हिंजवडीपर्यंत वाढत आलेले शहर, या दोहोंच्या मध्ये आपली खाचरे आहेत. जमिनीला गिऱ्हाईक दारात येते, आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : 'भात परवडत नाही.' हे खरेही असेल. पण तोटा किती, कोणत्या खाचरात आणि कोणत्या कामामुळे, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. कारण हिशेब लिहिलेला नसतो. विकलेली जमीन परत येत नाही. म्हणून असा निर्णय घेण्यापूर्वी निदान दोन हंगामांचा लेखी हिशेब हाती असावा, एवढेच आज मला सांगायचे आहे.

वहीत काय लिहावे?

शंभर पानी वही पुरे. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर उत्पन्न लिहावे. बियाणे, खते, चिखलणीचे भाडे आणि लावणी, बेणणी, कापणी, मळणीची मजुरी त्याच दिवशी संध्याकाळी तारखेसह टिपावी. घरच्या माणसांचे दिवस वेगळ्या रकान्यात धरावेत. घरातील बायकांनी केलेली लावणी-बेणणी बहुधा हिशेबात येतच नाही, तीही लिहावी. काम इर्जिकीने झाले असल्यास जेवणाचा खर्च लिहावा.

उत्पन्नाच्या बाजूलाही अशीच चूक होते. आपण फक्त विकलेला भात धरतो. घरी खाण्यासाठी ठेवलेला भात आणि जनावरांना घातलेला पेंढा यांचीही बाजारभावाने किंमत धरावी. दोन्ही पाने पूर्ण भरली म्हणजेच खरा नफा-तोटा कळतो.

नवे तंत्र आधी गुंठ्यावर

आज मोबाईलवर रोज नवनवे सल्ले येतात. ते सगळेच पाळू नयेत आणि सगळेच झिडकारूही नयेत. आधी एका गुंठ्यावर करून पाहावे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा.

उदाहरणादाखल डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातलागवड घ्या. तुसाची राख रोपवाटिकेत व पेंढा खाचरात घालणे, चिखलणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला गाडणे, दोरीच्या साहाय्याने 15 व 25 सें.मी. आलटून-पालटून अंतरावर दोन-तीन रोपांचे चूड लावणे आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी 7 ते 10 सें.मी. खोल खोचणे, अशी ही चार सूत्रे आहेत. 2.7 ग्रॅम वजनाच्या सुमारे 625 गोळ्या गुंठ्याला लागतात. त्यांचे वजन पावणेदोन किलोच्या आत भरते. आपल्याकडे फोकून दिलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर एका खाचरातून दुसऱ्यात वाहून जातो. चिखलात खोचलेली गोळी मात्र हळूहळू विरघळते आणि मुळांच्या जवळ राहते, हे या पद्धतीचे मर्म आहे.

परंतु गोळ्या खोचायला जादा हात लागतात. तो खर्च भरून निघतो का? याचे उत्तर आपल्याच खाचराने द्यावे. शेजारच्या गुंठ्यात तेच वाण, त्याच दिवशी, नेहमीच्या पद्धतीने लावावे. दोन्हींची कापणी व मळणी वेगळी करावी आणि भात सारखा वाळवून मगच वजन करावे. वजनातील फरकाला 40 ने गुणले की एकराचा फरक निघतो. शेत हिरवेगार दिसले म्हणून फसू नये. शेवटचा शब्द काट्याचा असतो.

भात विकावा की तांदूळ?

100 किलो भातापासून साधारण 65 किलोच्या आसपास तांदूळ मिळतो. तेव्हा 100 किलो भाताचा भाव आणि 65 किलो तांदळाच्या किमतीतून भरडाई, पोती व वाहतूक वजा जाता उरणारी रक्कम शेजारी-शेजारी मांडावी. कणी व कोंड्याचे पैसे वेगळे धरावेत. सुवासिक तांदळाचे गिऱ्हाईक पुण्यात आहे. आंबेमोहोर आपल्या परिसराचा जुना वाण. त्याच्याच संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी तयार झाला व 1987 साली प्रसारित झाला. मात्र दोन वाणांची भेसळ झाली की गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून बियाणे, मळणी आणि साठवण वेगवेगळी ठेवावी.

बंधू-भगिनींनो, यंदा रोप टाकण्यापूर्वी वही घरात आणा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडे द्या. त्यांना शेती कळेल आणि तुम्हाला हिशेब. मळणीनंतर घरातील सर्वांनी बसून बेरीज करावी. आकडा तोट्याचा निघाला, तरी कोणते काम बदलायचे ते त्यातून कळेल. जमिनीबाबतचा निर्णय त्यानंतर घ्यावा, आधी नव्हे.