आलेख दिसल्यानंतरचा वर्ग

करोनाकाळातील ऑनलाइन तासांनी गूगल फॉर्मसारखी सर्वेक्षण-साधने, म्हणजे प्रश्न पाठवून उत्तरे एकत्र जमा करणारी व त्यांचा आलेख मांडणारी संगणकीय सोय, शिक्षकांच्या परिचयाची केली; तरी त्यांचा उपयोग अद्याप बहुधा माहिती भरून घेण्यापुरता नि गुण मोजण्यापुरता उरला आहे, ही खंत शिक्षक-प्रतिनिधींच्या या परिषदेच्या मुळाशी आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांना असे आढळले, की अवघड उदाहरणे सोडवणारे त्यांचे विद्यार्थी न्यूटनच्या नियमांवरील साध्या, संकल्पनात्मक प्रश्नांशी अडखळतात. त्यातून त्यांनी १९९१ पासून ‘सहाध्यायी अध्यापना’ची पद्धत विकसित केली. तीत विद्यार्थी प्रथम एकट्याने पर्याय निवडतो आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर शेजाऱ्याशी चर्चा करून सर्वजण पुन्हा उत्तर देतात. प्रमाण त्याहून कमी असल्यास संकल्पनाच पुन्हा समजावावी लागते, अधिक असल्यास पुढे जाता येते. तात्पर्य, उत्तरे जमणे ही या पद्धतीची केवळ सुरुवात आहे. हात वर करायला सांगूनही ती राबवता येते, हे खरे. परंतु हुशार म्हणून गाजलेल्या मुलाचा हात कुठे जातो हे पाहूनच अर्धा वर्ग आपले मत ठरवतो, आणि नाव न दाखवणारे साधन नेमकी हीच पळवाट बंद करते.

मात्र साधन कितीही चपळ असले, तरी प्रश्न दुबळा असेल तर आलेखही मुका राहतो. ०.५ आणि ०.३५ यांतील मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला ०.३५ असे उत्तर देणारा विद्यार्थी निष्काळजी असतोच असे नाही. दशांशचिन्हापुढील ३५ ही पूर्ण संख्या मानून ती ५ पेक्षा मोठी, असा त्याचा सुसंगत पण चुकीचा तर्क असू शकतो. चुकीचे पर्याय असे विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून घडवावे लागतात, आणि ते काम वर्गात वर्षानुवर्षे उभा राहिलेला शिक्षकच करू शकतो.

प्रत्येक विद्यार्थ्यापाशी फोन नसतो, ही अडचणही दुर्लक्षून चालणार नाही. प्लिकर्स या साधनात विद्यार्थी छापील कार्ड उत्तरानुसार फिरवून धरतात आणि शिक्षक एकाच फोनच्या कॅमेऱ्याने ती टिपतो. एकशिक्षकी शाळेलाही हा मार्ग परवडावा. मुलांची नावे व उत्तरे खासगी कंपन्यांच्या संगणकांवर साठतात, याचे भान राखून केवळ हजेरी क्रमांक वापरणे श्रेयस्कर. अनेक शाळांत सर्रास मागितले जाणारे पालकांचे मोबाइल क्रमांक तर अशा फॉर्ममध्ये मुळीच नकोत.

परिषदेच्या दुपारच्या सत्रात प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या विषयातील एक प्रश्न तीन चुकीच्या पर्यायांसह मांडावा, आणि प्रत्येक पर्यायामागे विद्यार्थ्याचा कोणता विचार गृहीत धरला आहे तेही सांगावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.