काळ्या पडद्यावरील निळी अक्षरे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने उभारलेल्या मानमंदिराच्या निळ्या झिलईदार फरशा चढणीवरूनच दृष्टीस पडतात. त्यांच्यामागे फिकट वालुकाश्म आहे, आणि त्या निळ्यात हिरवटपणाचीही छटा आहे. शुद्ध गडद निळा रंग काळ्या दगडावर बसविला असता, तर ती नक्षी कोणास दिसली असती?

याच नगरात १९९७ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. संगणक आता शाळाकचेऱ्यांतूनही आले आहेत. आज्ञा टंकून काम करावयाच्या त्यांच्या काळ्या खिडकीस टर्मिनल म्हणतात. लिनक्स प्रणालीत फाइलींची यादी मागविली की, फोल्डरांची नावे बहुधा निळ्या अक्षरांत उमटतात. ती नीट न वाचता आल्यामुळे विद्यार्थी गोंधळतो. लिपिकाच्या हातून भलतेच फोल्डर पुसले जाण्याचा संभव असतो. आज्ञा देऊन पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती गेली ती गेलीच!

दोष डोळ्यांचा नव्हे. पांढऱ्या प्रकाशाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा शेकडा सुमारे ७२, तांबड्याचा २१ आणि निळ्याचा अवघा ७ असतो. म्हणून काळ्यावर शुद्ध निळ्याचे उजळपणाचे प्रमाण जेमतेम २.४ भरते, पिवळ्याचे १९ हून अधिक. सुखाने वाचण्यास ते निदान ४.५ असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. विंडोजच्या टर्मिनलमधील जुना गडद निळा तर १.३ वरच अडखळत होता. तो २०१७ साली बदलण्यात आला.

उपाय सोपा आहे, खर्च काहीच नाही. टर्मिनलच्या रंगांच्या मांडणीत निळा शोधावा आणि ० ते २५५ या मापावर तांबडा १०२, हिरवा १५३, निळा २५५ असे आकडे भरावेत. प्रमाण साडेसातपर्यंत चढते, आणि रंग निळाच राहतो. पांढरा पडदा वापरणाऱ्यांनी मात्र उलट करावे: तेथे निळा उत्तम, पिवळा निरुपयोगी.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानी घ्यावी. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतःच कळत नाही. तेव्हा चूक केवळ तांबड्या रंगाने दाखवू नये. ‘चूक’ हा शब्दही तेथे उमटावा.

बदल केल्यावर खिडक्या उघड्या ठेवून, भर दुपारी, शेवटच्या बाकावरील मुलास ती नावे वाचावयास सांगावे.