मेनूकार्डावर लिहिलेलं आणि ताटात आलेलं

(खानावळ, कँटीन आणि डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'आहार आणि आरोग्य'. या नावाखाली आपण हिमोग्लोबिन, पालेभाज्या, नाचणी, गूळ यांविषयी पुष्कळ ऐकलं आहे आणि ते पुन्हा ऐकायला हरकत नाही. पण आज मी वेगळं बोलणार आहे. बाहेर जेवताना आपण जे मागतो तेच ताटात येतं का? आणि आलं नाही तर त्याची जबाबदारी कोणाची? इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणी दुसऱ्यांना जेवू घालून चार पैसे मिळवतात, आणि आपण सगळ्याच कधी ना कधी बाहेर जेवतो. म्हणजे हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो.

आधी बाहेर जेवणाऱ्या बाईबद्दल. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायची सवय असलेली बाई हॉटेलात जाते, तेव्हा तिच्यासमोर कार्ड येतं आणि कोणीतरी विचारतं, 'तुम्हाला काय?' वर्षातून दोनचार वेळा तिला हा प्रश्न विचारला जात असेल. आणि तिथेही तिचं उत्तर ठरलेलं असतं, 'मला काहीही चालेल.' तिला खरोखर काही चालत नसेल, डॉक्टरांनी काही बंद केलेलं असेल, तरी ती सांगायला संकोचते. सांगितलंच तर बरोबरची माणसं म्हणतात, 'हिचे नखरे फार.' पुरुषाच्या पथ्याला पथ्य म्हणतात, बाईचं पथ्य नखरे ठरतं. हे मी समुपदेशन केंद्रात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही.

आमच्या केंद्रात एक बाई आली ती पथ्याची तक्रार घेऊन आलेली नव्हती. सासरी छळ होतो, ही तिची तक्रार होती. बोलता बोलता कळलं की तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू, जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. पोट दुखतं, जुलाब होतात, अन्न अंगी लागत नाही, मूल वाढत नाही, रक्त कमी होतं. यावर औषध नाही. गहू जन्मभर वर्ज्य करणं हाच उपाय. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांमध्ये हा आजार साधारण शंभरात एकाला आढळला आहे. आपल्याकडे तो तितका दिसत नाही, पण आहे, आणि पुष्कळदा ओळखूच येत नाही.

या घरात आईवर आरोप होता की ती मुलीला पोळी देत नाही, उपाशी ठेवते. तरीही ती बाई नेटाने मुलीचं पथ्य सांभाळत होती. एकदा घरातले सगळे एका हॉटेलात गेले. तिने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, 'भाकरीत गहू नाही ना?' तो म्हणाला, 'नाही ताई, ज्वारीची आहे.' कार्डावरही 'ज्वारीची भाकरी' असंच छापलेलं होतं. भाकरी थापताना तुटू नये, गिऱ्हाईक जास्त असलं तरी हात भराभर चालावा, म्हणून त्या स्वयंपाकघरात ज्वारीत कणीक मिसळायची पद्धत होती. मुलगी चार दिवस आजारी होती.

पुढे काय झालं ते ऐका. बाई हॉटेलात विचारायला गेली. मालक म्हणाला, 'एवढं आहे तर मुलीला घरीच जेवू घाला, बाहेर कशाला आणता?' नवरा म्हणाला, 'तूच नीट विचारलं नाहीस.' आणि ज्या मुलाने 'नाही ताई' सांगितलं होतं, जेमतेम अठरा वर्षांचा असेल, त्याचा पगार कापला गेला. तो मुलगा स्वयंपाकघरात पीठ मळत नव्हता. त्याला कार्ड दिलेलं होतं, कार्डावर ज्वारी लिहिलेलं होतं, त्याने तेच सांगितलं. ज्याने कणीक मिसळायला सांगितलं आणि ज्याने कार्ड छापून घेतलं, त्या माणसाचं मात्र काहीच गेलं नाही. जिने काळजीपूर्वक विचारलं ती दोषी, ज्याला माहीतच नव्हतं तो दोषी!

माझं म्हणणं असं आहे. खाणाऱ्याचं काम आहे स्पष्ट सांगण्याचं. नुसतं 'पथ्य आहे' म्हणून चालणार नाही. 'गहू, मैदा, रवा काहीच चालत नाही, थोडंसुद्धा नाही' असं सांगावं लागेल. पण तिने एकदा सांगितलं की पुढची जबाबदारी जेवण विकणाऱ्याची. कारण भांड्यात काय पडलं हे ज्याने टाकलं त्यालाच माहीत असतं. खाणारीला ते दिसत नाही, चवीवरूनही कळत नाही.

कायदासुद्धा बऱ्याच अंशी हेच म्हणतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे. त्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे गिऱ्हाइकाने मागितलेल्या स्वरूपाचं किंवा दर्जाचं नसलेलं अन्न विकलं तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; फेरीवाले आणि छोट्या व्यावसायिकांसाठी ती मर्यादा पंचवीस हजार आहे. खाण्यामुळे इजा झाली किंवा मृत्यू आला तर भरपाईची तरतूद ६५ व्या कलमात आहे, आणि मृत्यूच्या बाबतीत ती पाच लाखांपेक्षा कमी असू शकत नाही. शिवाय २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांवर मेनूबद्दल बंधनं घातली. पदार्थात किती उष्मांक आहेत ते त्यांनी कार्डावर द्यायचं, आणि ज्या घटकांची ॲलर्जी होते ते पदार्थात असतील तर तेही सांगायचं. ते घटक आठ प्रकारचे आहेत: ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडे या जातीचे जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. मेनूच्या या नियमांची अंमलबजावणी जुलै २०२२ पासून सुरू झाली. युरोपात डिसेंबर २०१४ पासून असे चौदा घटक ठरवलेले आहेत आणि तिथे अगदी लहान उपाहारगृहालासुद्धा त्यांची माहिती द्यावी लागते.

आपल्याकडे मोठ्या साखळी हॉटेलात हे कार्ड दिसेलही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात आणि आपल्या कँटीनमध्ये दिसत नाही. तिथे दिसते ती 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी. त्यातल्या 'शुद्ध' शब्दाने कोणाकोणाच्या चुली अशुद्ध ठरवल्या, यावर एक वेगळं भाषण करावं लागेल. आज एवढंच म्हणते की त्या पाटीने गहू, दूध, शेंगदाणे यांबद्दल काहीही कळत नाही. कोणी काय खावं आणि का खाऊ नये, हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही. कोणी धर्मासाठी सोडतं, कोणी आजारासाठी, कोणी मनाला पटत नाही म्हणून. आपण फक्त खरं सांगायचं आहे.

खरं सांगितलं नाही तर काय होतं याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ते मी मुद्दाम देते, कारण तिथे शिजत होता तो आपल्याकडचाच रस्सा. सिलिअ‍ॅकमध्ये नुकसान हळूहळू होतं. शेंगदाण्याच्या तीव्र ॲलर्जीत मात्र काही मिनिटांत श्वास कोंडतो. जानेवारी २०१४ मध्ये यॉर्कशायरमध्ये अशी ॲलर्जी असलेल्या एका माणसाने भारतीय जेवणाच्या हॉटेलातून चिकन टिक्का मसाला घरी नेला. दाणे, सुकामेवा काही नको, असं त्याने सांगितलं होतं. डब्याच्या झाकणावर तसं लिहूनही दिलं होतं. तो जेवण खाऊन मेला. चौकशीत निघालं की मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेलं स्वस्त मिश्रण वापरायला सुरुवात केली होती. त्याच्याच दुसऱ्या एका हॉटेलात जेवून काही आठवड्यांपूर्वी एक मुलगी अत्यवस्थ झाली होती, तरीही त्याने वस्तू बदलली नाही. २०१६ मध्ये न्यायालयाने त्या मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा दिली. झाकणावर लिहिणाऱ्या नोकराला नाही, मालकाला. मला या निकालातलं हे सर्वात महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. काजू महागले की रश्शाच्या वाटणात दाणे घालायचं कोणी कधी ऐकलं नाही असं आहे का? आणि दाण्याचं कूट तर आपण विचारसुद्धा न करता घालतो. काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत. 'यात दाणे आहेत का?' असं कोणी विचारलं तर आपण शेंगदाण्याच्या चटणीचा विचार करतो, कोशिंबीर आठवत नाही. गव्हाचंही तसंच. गिरणीत आधी गहू दळला आणि मागून आपली ज्वारी टाकली, तर त्या पिठात गहू आला. पुऱ्या तळलेल्या कढईत तांदळाचे पापड तळले, तर तेलात कणीक आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो. आणि हिंग! बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. तो डिंकात आणि पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. म्हणजे डाळ-भात हा सगळ्यात निर्धोक म्हणून वाढावा, तर फोडणीतच गहू.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'ताई, आम्ही वीस-पंचवीस डबे करतो, एवढं कुठे सांभाळायचं?' प्रश्न रास्त आहे. पण थोडं मागे वळून पाहू. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. त्या खानावळीचे मेंबर ठरलेले असत. रोज तीच माणसं समोर बसली की कोणाला काय सोसत नाही हे वाढणाऱ्या बाईच्या ध्यानात राहू शकतं. आज आपल्याकडे फोनवर ऑर्डर येते, डबा कोणीतरी घेऊन जातं, खाणाऱ्याचं तोंड आपण पाहिलेलं नसतं. ध्यानात ठेवण्याजोगं काहीच उरलेलं नाही. म्हणून ते लिहून ठेवावं लागेल.

आणि हे लिहिणं खर्चाचं काम नाही. एक फळा पुरे. रोजच्या पदार्थांची नावं आणि समोर खुणा. आपल्यातल्या काहींना वाचता येत नाही, तर चित्रं काढा: गव्हाची लोंबी, शेंग, दुधाचा पेला, अंडं, मासा. फळा स्वयंपाकघरात लावायचा, म्हणजे शिजवणारीच खूण करेल. वाढणारीने आठवणीवर सांगायचं नाही, फळ्याकडे बघून सांगायचं. तयार मसाला, हिंग, सॉस यांचं पाकीट माल संपेपर्यंत फेकायचं नाही. एखादी वस्तू संपली आणि तिच्याऐवजी दुसरी घातली, तर आधी फळा बदलायचा आणि मगच भांड्यात टाकायचं. यॉर्कशायरमध्ये नेमकं हेच झालं नाही. आणि ज्या पदार्थाबद्दल खात्री नसेल त्याबद्दल 'माहीत नाही, तुम्ही हा घेऊ नका' असं सांगायची आपल्या कामावरच्या मुलींना मोकळीक द्या. गिऱ्हाईक परत गेलं म्हणून तिला बोल लावू नका. आपण ज्या मालकांच्या विरोधात बोलतो त्यांच्यासारखंच आपल्या कँटीनमध्ये वागलो, तर संघटना कशाला काढली?

खाणारीच्या बाजूने आणखी थोडं सांगते. बिल मागा आणि जपून ठेवा. जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे; तक्रार करताना तोच उपयोगी पडतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी भरावी लागत नाही. आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे काय खाल्लं होतं ते सांगून लिहून घ्या. ज्या बाईची हकीकत मी सांगितली तिच्याकडे बिल नव्हतं. नवऱ्याने पैसे दिले होते आणि कागद तिथेच टाकला होता. तिची तक्रार उभी राहू शकली नाही. मुलीच्या पथ्याबद्दल सासरच्यांशी मात्र आम्ही बसून बोललो, डॉक्टरांचा कागद पुढे ठेवून. सासूबाई आता मुलीसाठी ज्वारी स्वतः निवडतात आणि घरच्या जात्यावर दळतात. गिरणीवर त्यांचा विश्वास नाही.

मी येताना बाजारातून हिंगाच्या तीन वेगवेगळ्या डब्या आणल्या आहेत. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्यात काय काय आहे ते छापलेलं आहे. या रांगेपासून सुरू करा, प्रत्येकीने वाचून पुढे द्यायची. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवायचं. डब्या मागपर्यंत पोचल्या की प्रश्न घेऊ, आणि मग तुमच्या उद्याच्या पदार्थांचा फळा इथेच करून पाहू.