ओट्यामागची भिंत

आमच्या स्वयंपाकघरातली ओट्यामागची भिंत तेवीस वर्षं फोडण्या सोसत होती. जुन्या पांढऱ्या टाइल्स पिवळ्या पडल्या होत्या. त्यांच्या सांध्यांमध्ये तेल आणि हळद इतकी मुरली होती, की घासून घासून पत्नीची बोटं दुखायची. शेवटी तिनं जाहीर केलं, ‘‘या ईदेला मला सांधे नसलेली भिंत हवी.’’ म्हणजे टाइल्सऐवजी दगडाची एकच सलग लादी.

आम्ही सोलापूरकर. शहाबादी फरशीवर रांगलो, कडप्प्याच्या ओट्यावर भाकऱ्या थापलेल्या पाहिल्या. पण मी पडलो मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. दगडावर कविता लिहिल्या, दगड मात्र कधी विकत घेतला नव्हता. दुकानात मला पांढरा संगमरवर आवडला. पत्नीनं पर्समधून लिंबू काढलं, नमुन्याच्या तुकड्यावर दोन थेंब पिळले आणि थोड्या वेळानं पुसून दाखवलं. त्या जागेची चकाकी गेली होती. संगमरवर काय, शहाबादी काय, कडप्पा काय, सगळे चुन्याच्या जातीचे. आंबट त्यांना सोसत नाही. चिंच-लिंबाच्या घरात ग्रॅनाइटच बरा. मग करीमनगरकडचा तपकिरी ग्रॅनाइट ठरला.

मिस्त्री अक्कलकोट तालुक्यातला, तिशीचा. आधी त्यानं टाइल्स काढल्या आणि भिंतीला ओळंबा लावला. भिंत वरच्या अंगाला बोटभर पुढे आलेली निघाली. तेवीस वर्षं ती आम्हाला सरळच वाटत होती! ती छिलून त्यानं टाचे मारले. लादी आठ फूट लांब, दोन फूट उंच. अठरा मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतं. म्हणजे आमची लादी सत्तर किलोंच्या वर. ‘‘चाचा, ही नुसती चिकटवून राहत नाही. ओट्यावर टेकवायची. वजन ओट्यानं घ्यायचं, मसाल्यानं फक्त धरायचं,’’ तो म्हणाला.

मिक्सरच्या प्लगसाठी लादीत चौकोन कापायचा होता. त्यानं आधी चार कोपऱ्यांना चार गोल भोकं पाडली. कोपरा टोकदार ठेवला तर तिथूनच तडा जातो म्हणे. भोकं जोडण्यासाठी त्यानं जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत कटर चालू केलं आणि बाटलीनं पाण्याची धार सोडली. तांबूस चिखल जिन्यावरून खाली निघाला. खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले. ईद चार दिवसांवर आली होती, मला वाद नको होता. मी मिस्त्रीला म्हणालो, ‘‘पाणी राहू दे. कोरडंच काप.’’

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, खिशातला रुमाल तोंडाला बांधला आणि पुन्हा कटर सुरू केलं. सगळी जागा धुरळ्यानं भरून गेली. मी दार लावून घेतलं. घरात धूळ यायला नको ना!

थोड्या वेळानं पत्नी चहा घेऊन बाहेर गेली आणि तशीच थबकली. त्याच्या भुवया, पापण्या पीठगिरणीवाल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. ‘‘अरे, एवढी धूळ खातोस?’’ तिनं विचारलं. तो सहज बोलून गेला, ‘‘सवय आहे चाची. थोरला भाऊ हैदराबादला हेच काम करायचा. आता जिना चढवत नाही त्याला. वर्षभर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. मग मोठ्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, टीबी नाही, दगडाची धूळ आहे.’’

पत्नी माझ्याकडे काही न बोलता आत गेली. बादली आणि पोतेरं घेऊन आली. ‘‘पाणी सोड. चिखल मी पुसते,’’ एवढंच म्हणाली. श्रमिकांच्या घामावर मी बऱ्याच कविता वाचल्या आहेत, टाळ्याही घेतल्या आहेत. त्या दिवशी मी बादली उचलली.

नंतर या विषयावर जरा वाचलं. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते, म्हणजेच सिलिका. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि फुप्फुस कडक करत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, पण टाळता मात्र येतो. ज्या पेन्सिलींनी आपण पाटीवर अक्षरं गिरवली, त्या कापताना मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कामगारांनी याच रोगानं जीव गमावले. हल्ली ओट्यासाठी कारखान्यात तयार केलेला क्वार्ट्झ मिळतो. त्यात सिलिका नव्वद टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असते. अशा कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून बंदी घातली. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिसची नोंद होती. पण आमच्या जिन्यासमोर कारखाना नव्हता. तिथं कायदा म्हणजे मीच होतो, आणि मी म्हणालो होतो, कोरडंच काप.

म्हणून सांगतो. दगड बसवणार असाल तर जास्तीत जास्त कापाकापी दुकानदाराकडून पाण्याच्या यंत्रावर करून घ्या. घरी जी राहील ती पाणी सोडूनच होऊ द्या. रुमाल ही धूळ अडवत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्क तुम्हीच आणून द्या. भुकटी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा. आणि यात वेळ जास्त जातो, त्याची मजुरी कापू नका.

आमचं काम दोन दिवस लांबलं. शीरखुर्मा नव्या भिंतीसमोरच शिजला. खालच्या शेजाऱ्यांकडे वाटी द्यायला गेलो, तेव्हा त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. पुढच्या महिन्यात त्यांनी ओटा बदलला, त्याच मिस्त्रीकडून. चिखल थेट फाटकापर्यंत गेला. इमारतीत कुणी काही बोललं नाही.